नवा घोडा आणि खचलेला धीर

सवयीचा घोडा थकतो किंवा दगावतो, आणि मुरलेला स्वारही नव्या घोड्यावर बसताना कचरतो. प्रत्येक घोड्याची चाल निराळी, लगामाला मिळणारा प्रतिसाद निराळा. नव्या घोड्याच्या शोधात एखादा अनोळखी घोडा उधळला, की मनात धास्ती बसते.

ही धास्ती घोड्यालाही जाणवते. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पुढच्या फेरीत घोड्यासमोर छत्री उघडली जाईल, असं स्वारांना सांगण्यात आलं. छत्री उघडलीच नाही. तरीही स्वारांबरोबर घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले!

म्हणून खरेदीआधी धीर परत मिळवावा. रायडिंग स्कूलमधल्या शांत, अनुभवी घोड्यावर बसावं, घोड्याला बांधलेली लांब दोरी प्रशिक्षकाच्या हाती असावी. आधी साधी चाल, मग दुडकी.

मग खरेदीकडे वळावं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो. तिथली देखणी जनावरं पाहून मोह होतोच. पण आधी मालकालाच स्वारी करून दाखवायला सांगा, पशुवैद्याकडून पाय, डोळे, दात तपासून घ्या आणि मगच रिकिबीत पाय ठेवा. मन कचरत असेल, तर त्या दिवशी सौदा करू नका.