आधी बिदागी ठरवा, मग हार आणा



अध्यक्षानं आधी आयोजकांचे आभार मानायचे असतात. ते मानतो आणि लगेच त्यांच्याशीच भांडायला लागतो. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘माणसं कलेच्या वाटेला का जातात?’ दादर-पार्ल्याच्या सभागृहात हा प्रश्न कौतुकानं विचारतात. चेंबूरजवळच्या आपल्या माहुलमध्ये विचारला की त्याची उलटतपासणी होते. इथल्या पोरानं कंपनीत कंत्राटी हेल्परचं काम धरलं, तर ‘का रे बाबा?’ असं कुणी विचारत नाही. त्यानं ढोलकी गळ्यात अडकवली की सगळी चाळ चौकशीला उभी!

बरं, विचारलंच आहे तर सांगतो. इथला माणूस लिहायला बसतो, कारण त्याच्याबद्दल बाकीच्या सगळ्यांचं लिहून झालंय. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादानं इथल्या हवेपासून गावकऱ्यांच्या आरोग्याला धोका आहे असं लिहिलं. तरीही तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडून २०१७ पासून हजारो माणसं याच हवेत आणून टाकली. विद्याविहारच्या फुटपाथवर ठाण मांडून लोक लढले, तेव्हा कुठे सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की यांना माहुलला राहायची सक्ती करू नका, त्याऐवजी महिना १५ हजार भाडं द्या. हे कागद लढून मिळवलेले आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण त्या कागदांत आपण सगळे ‘प्रकल्पग्रस्त’. आजी रात्रभर खोकून पहाटे कुणाला शिव्या घालते, खाडीत काय मिळायचं आणि आता जाळ्यात काय येतं, हे कोर्ट कशाला लिहील? ते त्याचं कामच नाही. ते आपलं काम आहे, आणि ज्याला हे कळलं तो वही घेऊन बसतो. त्याला घरचे म्हणतात, ‘वाया गेला.’

आता दुसरी गोष्ट, जी या व्यासपीठावरच्या काही मान्यवरांना आवडणार नाही. कलेचं नाव काढलं की हे लोक समर्पण आणि साधना असले जड शब्द काढतात. ‘उपाशीपोटी कला फुलते’ असं म्हणणारा माणूस मला आजवर उपाशी भेटलेला नाही.

इथून जवळच, घाटकोपरच्या चिराग नगरच्या झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे राहत होते. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर या शाहिरांबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हा लोकनाट्य घेऊन ते पुन्हा लोकांसमोर उभे राहिले. ‘फकिरा’ कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, पुस्तकं परभाषांत गेली. आणि १८ जुलै १९६९ रोजी हा माणूस हलाखीत गेला. वय वर्षं अठ्ठेचाळीस! आता दर १ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, त्यांच्या फोटोखाली जेवढे फ्लेक्स लागतात, त्यांच्या छपाईचा खर्च काढा आणि मग मला साधना शिकवा.

कवी नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले. ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये आलं आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे चालून आलं. लोक म्हणतात, बघा, नोकरी सांभाळूनही होतंच की! होतं. पण अशा किती जणांच्या वह्या रात्रपाळीत संपल्या, त्याचा हिशेब कोणत्या संमेलनानं ठेवलाय?

आणि विलास घोगरे. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. त्यानंतर चारच दिवसांत मुलुंडच्या या शाहिरानं जीवन संपवलं. त्यांच्या मरणाला महान करू नका, पोरांनो. त्यांची गाणी गा. तो माणूस आपल्याला जिवंत हवा होता.

सरकारकडे म्हाताऱ्या कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आता महिना पाच हजार मिळतात. ते हक्कानं घ्या. पण त्यासाठी वय पन्नास लागतं. म्हणजे पंचविशीत तुम्ही वाया गेलेले आणि पन्नाशीत वंदनीय. मधली पंचवीस वर्षं काय खायचं? शाल?

दोष फक्त सरकारचा नाही. आपली मंडळं काय करतात? डीजेला आगाऊ रक्कम रोख, आणि शाहिराला ‘दादा, आपलाच कार्यक्रम आहे’. पाहुणे आले की कोळीवाड्यातल्या मुली नाचायला हव्यात, सांगायला वर्षभर संस्कृतीही हवी. त्या मुलींच्या हातात मात्र वडापावचं पाकीट. याला मी लूट म्हणतो. माझ्या गळ्यात आत्ताच घातलेला हारही त्याच हिशेबातला आहे, तो काढून ठेवतोय.

तेव्हा ठराव दोनच. पहिला, या मेळाव्यानंतर इथल्या एकाही मंडळानं शाहीर, वादक, कवी, नाचणाऱ्या मुली यांना बिदागी ठरवल्याशिवाय बोलावू नये. दुसरा, पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी खोल्या ठेवलेल्या असतात. जिथे जिथे त्यांना कुलूप असेल, तिथल्या सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी किल्ली संध्याकाळी सात ते दहा तालमीला द्यावी. पदाधिकारी पुढच्या रांगेत बसलेच आहेत. हात वर करा, मी मोजतो.