सिंहगड : पडद्यावरचा आणि कागदावरचा

२००० सालचा ‘ग्लॅडिएटर’ हा इंग्रजी चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात रोमचा सम्राट कमोडस आखाड्यात, हजारो लोकांसमोर मारला जातो. प्रत्यक्षात इ. स. १९२च्या अखेरच्या दिवशी स्नानगृहात एका मल्लाने त्याचा गळा दाबला. आपण हे हसून सोडून देतो, कारण रोम काही आपले नव्हे. सिंहगडाचे तसे नाही.

फेब्रुवारी १६७०मध्ये तानाजी मालुसरे कोंढाण्यावर धारातीर्थी पडले. हरिभाऊ आपट्यांनी त्यावर ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. तिच्यावरून बाबूराव पेंटरांनी १९२३मध्ये मूकपट काढला, १९३३मध्ये ‘प्रभात’ने बोलपट. नाव दोहोंचे ‘सिंहगड’च. मग २०२०मध्ये ‘तान्हाजी’ आला.

आता सभासदाची बखर उघडा. महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत लिहिलेली. तीत मावळे वानरांसारखे कडा चढतात. घोरपडीचा पत्ता नाही. ती आली तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. महाराजांचा शोक बखरीत आहे, पण तेथे ‘सिंह’ नाही. एक गड हाती आला आणि दुसरा गेला, असा त्याचा भाव. म्हणजे तानाजी हाच एक गड! मला तर हा शोक जास्त भिडतो. शिवाय ‘सिंहगड’ हे नाव १६६३च्या पत्रातच सापडते, म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी.

पोवाड्याला मी दोष देत नाही. शाहिराने डफावर थाप मारली की ऐकणाराही ओळखायचा, आता रंग भरणार. पडद्यावर सगळे डोळ्यांदेखत घडते. ‘तान्हाजी’तली ‘नागिन’ तोफ ही पटकथेची करामत. पण चौथीतल्या माझ्या नातवाने ती इतिहासाच्या वहीत चितारली, खाली नावही घातले. काल्पनिकतेची सूचना सुरुवातीला असते खरी, पण ती वाचेपर्यंत पुढे सरकते.

त्याच १६७०मध्ये, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, मराठी फौजा आपल्या खानदेशात आल्या आणि पुढे थेट कारंज्यापर्यंत गेल्या. सुरत-बुऱ्हाणपूर ही श्रीमंत व्यापारी वाट आपल्याच मुलखातून जाई. हे अमळनेरच्या किती मुलांना ठाऊक आहे? मला तरी तो प्रसंग कुठल्या पडद्यावर दिसला नाही.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुने कागद जमवले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्याला आहे, अमळनेरहून एसटीने जाऊन त्याच दिवशी परतता येते. पोरांना सिनेमाला जरूर न्या. पण एकदा तिकडेही न्या आणि मोडी लिपीतला एखादा कागद त्यांना जवळून पाहू द्या.