कसबाचे मोल : कोल्हापूर परिसरातील कलाव्यवसायांची मोजदाद



कोल्हापूर म्हटले की साज, चप्पल आणि चित्रपट ही नावे सहज ओठांवर येतात. त्यांचा अभिमान सर्वांनाच आहे. परंतु या कलांतून जिल्ह्यात वर्षाकाठी किती संपत्ती निर्माण होते, असे विचारल्यास बहुधा अदमासच ऐकावयास मिळतात.

अशा मोजणीचा गाजलेला प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. 1998 साली तेथील सांस्कृतिक खात्याने 13 क्षेत्रांना 'सर्जनशील उद्योग' ठरवून त्यांचे उत्पन्न व रोजगार मांडले. संगणक प्रणालींचा व्यवसाय जमेस धरल्याने एकूण आकडा फुगला, अशी टीकाही झाली. हस्तकला मात्र एकट्या-दुकट्या कारागिरांच्या हाती असल्याने पाहणीच्या जाळ्यातून निसटत राहिली. आपल्याकडे तर हे निसटणे अधिकच मोठे आहे.

हुपरीचेच उदाहरण घ्यावे. अनेक जैन कुटुंबेही ज्यात आहेत, तो येथील चांदीचा व्यवसाय एका छताखाली चालत नाही. चांदी गाळणे, तार ओढणे, कड्या जुळवणे, डाग देणे, घुंगरू बसवणे, झिलई करणे ही कामे हुपरीत आणि रेंदाळसारख्या शेजारच्या गावांत घरोघरी वाटली जातात. पैंजण विकले गेल्यावर त्याची सारी किंमत उद्योगाच्या नावे मांडणे ही ढोबळ चूक होय. समजा, 100 रुपयांच्या दागिन्यात 90 रुपयांची चांदी बाहेरून आली, तर परिसराने घातलेली भर 10 रुपयांचीच. त्यातूनही कोळसा, रसायने व वीज वजा करावी लागते. चांदीचा भाव दुप्पट झाला म्हणून कारागिराची मजुरी दुप्पट होत नाही. उलाढालीचे आकडे वाढतात आणि कारागिराचे घर होते तिथेच राहते.

त्याच मजुरीत आणखी एक अदृश्य वाटा आहे. दुपारच्या वेळी घरातील स्त्रिया कड्या जुळवतात. मजुरी मात्र कुटुंबप्रमुखाच्या नावे लिहिली जाते. जनगणनेत त्या स्त्रीपुढे 'गृहिणी' असे लिहिले गेले, की तिचे श्रम हिशेबातून कायमचे उतरतात. पुढे कर्ज, विमा वा प्रशिक्षण योजना आखताना तिला कोणी शोधत नाही.

चपलेची गोष्ट निराळी. 2019 मध्ये जाहीर झालेले तिचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या प्रत्येकी 4 जिल्ह्यांचे आहे. तेव्हा एका जिल्ह्यापुरती मोजणी अपुरीच ठरते. जून 2025 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने त्याच घाटाच्या चपला दाखविल्यावर मोठा गदारोळ झाला. नावाची किंमत किती आणि कातड्याची किती, हा प्रश्न त्यानिमित्ताने घरोघरी पोचला, हे एका अर्थी बरेच झाले.

चित्रपटाचा हिशेब सर्वांत अवघड. 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात कंपनी 1933 मध्ये पुण्यास गेली. तिच्यासोबत गेलेल्या कसबाची नोंद कोणत्या खात्यात करावी?

अभ्यासाची सुरुवात नमुना पाहणीने व्हावी: कुटुंबप्रमुखाऐवजी प्रत्येक काम करणाऱ्या हाताला प्रश्न विचारावेत, हंगाम व बेकारीचे दिवस टिपावेत, माल आणि मजुरी वेगळी लिहावी. करनोंदणीच्या मर्यादेखालील घरे सरकारी कागदात सापडणार नाहीत. त्यांची माहिती पेढ्यांच्या जुन्या चोपड्यांत आहे : कोणास किती चांदी दिली, किती घट धरली, किती मजुरी चुकती केली. अशा चोपड्या व्यापारी घराण्यांच्या माळ्यांवर पडून असतात. वाळवी व रद्दीवाला यांच्या आधी अभ्यासकाने तेथे पोचावयास हवे.