सरकारी दवाखाना : येथला आणि विलायतेतला

दोन देशांतील सरकारी वैद्यकीय सेवेची तुलना सुशिक्षित घरांतून बहुधा एखाद्या नातलगाच्या अनुभवावरून होते. मुलगा लंडनला नोकरीस असतो. सुनेचे बाळंतपण तेथील सरकारी इस्पितळात एक पेनीही न देता सुखरूप पार पडते, आणि पुण्यातील बिऱ्हाडी ससूनच्या गर्दीला नावे ठेवली जातात. पुढल्या वर्षी त्याच मुलाचा गुडघा दुखावतो, तज्ज्ञाच्या भेटीस कित्येक महिने लागतात. तेव्हा तो सुट्टीत पुण्यास येतो आणि आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया उरकून परततो. मग तेच घर उलट निकाल देते. वास्तविक पहिल्या खेपेस सरकारी इस्पितळाची तुलना सरकारी इस्पितळाशी झाली आणि दुसऱ्या खेपेस खासगीशी, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. सरकारी सेवेची खरी पारख करावयाची तर ती शहरात बसून न करता रिह्यासारख्या गावी जाऊन करावयास हवी.

रिहे हे मुळशी तालुक्यातील गाव. भोवती डोंगर, मध्ये भातखाचरे. तालुक्याचे ठाणे पौड. हिंजवडीच्या संगणक-कारखान्यांचे दिवे येथून फारसे दूर नाहीत. पण पावसाळ्यातल्या रात्री एखादा माणूस अत्यवस्थ झाला, म्हणजे त्या दिव्यांचा त्यास काही उपयोग नसतो.

दोन्ही देशांच्या आजच्या व्यवस्थांचा आराखडा एकाच दशकात तयार झाला. विलायतेत बेव्हरिजसाहेबांचा अहवाल १९४२ साली निघाला. हिंदुस्थानात १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. भोर हे नाशिकचे. शिक्षण पुण्यास डेक्कन कॉलेजात झालेले. त्यांच्या समितीने मांडलेले आकडे आजही वाचणाऱ्यास अस्वस्थ करतात. हिंदुस्थानात सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर व ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. विलायतेत हेच प्रमाण १,००० व ३०० असे होते. जन्मलेल्या हजार मुलांपैकी १९३७ साली येथे १६२ वर्षाच्या आत दगावत, तिकडे ५८. ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व मात्र भोर समितीने बेव्हरिजइतक्याच निःसंदिग्धपणे सांगितले होते.

पुढे वाटा फुटल्या. ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी आपल्या देशातील दोन हजारांहून अधिक इस्पितळे एका दिवसात सरकारी छत्राखाली आणली. ती धर्मादाय संस्थांनी आणि नगरपालिकांनी आधीच बांधलेली होती. तेथे प्रश्न असलेले वाटून घेण्याचा होता. येथे सारे मुळापासून उभारावयाचे होते. ही सबब खरी आहे, पण ती किती वर्षे पुरावी? भोर समितीने दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे इस्पितळ हे अंतिम उद्दिष्ट ठेवले होते. आज डोंगरी भागात वीस हजारांमागे आणि सपाटीवर तीस हजारांमागे जे प्राथमिक आरोग्य केंद्र असावयाचे, त्यात खाटा असतात चार-सहा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ साली तो दोन टक्क्यांनाही पोचला नव्हता.

तथापि सेवेचा दर्जा केवळ खाटांवरून ठरत नाही. सर्पदंशाचेच उदाहरण घ्यावे. विलायतेत विषारी साप एकच, आणि त्याच्या दंशाने तेथे शेवटचा मृत्यू झाला तो १९७५ साली. मुळशीच्या भातखाचरांत लावणीच्या दिवसांत घोणस असते, आणि रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात मण्यार शिरते. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि मग श्वास थांबू लागतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारी लस हाफकिन संस्था पिंपरीस घोड्यांच्या रक्तापासून तयार करीत आली आहे, आणि सरकारी रुग्णालयात ती फुकट टोचली जाते. या एका बाबतीत गरिबाला सरकारी दवाखान्यासारखा आधार नाही. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात लस मिळते. परंतु श्वास बंद पडला तर कृत्रिम श्वासयंत्रासाठी पुण्याची वाट धरावी लागते. २०१४ साली सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येथे फार मोलाची ठरते. मात्र ती येईपर्यंत मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही, आणि त्याचा दोष सरकारच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

विलायतेचे खरे मोठेपण तिच्या इस्पितळांत नसून तिच्या साध्या डॉक्टरात आहे. तेथील प्रत्येक माणूस कोणा एका डॉक्टरच्या नोंदवहीत असतो, आणि डॉक्टर बदलला तरी त्याचे कागद त्याच्या मागोमाग जातात. रिह्याच्या म्हाताऱ्याचे केसपेपर, क्ष-किरणांच्या फिल्मा व औषधांच्या चिठ्ठ्या घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. पिशवी हरवली की रोगाचा इतिहासही हरवला. नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून रक्त तपासतो.

उलट विलायतेचा रोगी पैशाने नव्हे, पण वेळेने किंमत मोजतो. नियोजित उपचार अठरा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा तेथील दंडक. तो २०१६ पासून पाळला गेलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एकट्या इंग्लंडच्या प्रतीक्षायादीत ७७ लाखांवर नोंदी होत्या. येथे वाट पाहण्याऐवजी दागिना मोडला जातो. आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांतले २०१३-१४ साली चौसष्ट रुपये रोग्याच्या खिशातून जात. २०२१-२२ साली हा आकडा एकोणचाळीसवर आला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील शुल्कही रद्द केले. बालमृत्यूचे प्रमाण २०२० साली महाराष्ट्रात हजारी १६ वर उतरले. विलायतेत ते तेव्हा चारांच्या आत होते. अंतर उरले आहेच, परंतु १९३७ चा आकडा ज्याने वाचला तो या सोळांना क्षुल्लक म्हणणार नाही.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. तेथे दीर्घकाळ राहावयास जाणाऱ्यास व्हिसाबरोबरच आरोग्यसेवेचा अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांस वर्षाला १,०३५ पौंड इतका झाला. नातवंडास पाहण्यासाठी चार महिने जाणाऱ्या आजीआजोबांकडून तो घेतला जात नाही. म्हणूनच तातडीच्या विभागातील उपचारानंतर इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर त्यांच्या हाती दीडपट दराचे बिल पडते. त्यांनी विमा उतरवूनच विमानात पाऊल ठेवावे.