तळाचा हिशेब
(नंदनवन, नागपूर इथं केलेलं भाषण)



मी गोदी कामगार. समुद्र रोज बघतो, पण वरचा. आज तळाचं बोलतो. नंदनवनात समुद्र कुठला, म्हणाल. पण तुमच्या कोराडीच्या चिमणीतला कार्बन तिथंही पोचतो.

पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्र घुसळतो. खालचं खत वर येतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती पाण्यात विरघळलेला कार्बन खाऊन माजतात. त्यांना बारीक जीव खातात. मग मेलेल्यांची मढी, जगलेल्यांचा गू, सगळं चिकटून खाली पडत राहतं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हांबुर्गचं विद्यापीठ यांनी १९८६ पासून खोल पाण्यात नरसाळी टांगून हे कण धरले. १९८९ साली छापलं : मान्सूनमध्ये हा पाऊस वाढतो.

बहुतेक माल वाटेतच जंतू फस्त करतात. शंभरातला जेमतेम एखादा भाग तळ गाठतो. पण हजार मीटरखाली जे उतरलं, ते शेकडो वर्षं हवेत परत येत नाही.

म्हणून काही शहाणे म्हणतात, समुद्रात लोखंड टाका, वनस्पती वाढवा. म्हणजे धूर चालूच! २००९ साली भारत-जर्मनीच्या वैज्ञानिकांनी दक्षिण महासागरात ते करून पाहिलं. वनस्पती वाढल्या, बारीक जीवांनी खाल्ल्या, खाली फारसं गेलंच नाही.

वरच्यांची घाण खालच्यांनी वाहायची, हा न्याय आपल्याला नवा नाही. समुद्राला तोंड नाही. आपल्याला आहे. धुराचा हिशेब चिमणीपाशीच मागा.