नवं आतडं किती टिकतं?

लहान आतडं काढावं लागलं, की माणूस शिरेतून दिलेल्या पोषणावर जगतो. त्यानं यकृत थकलं, शिरा बंद पडल्या, की प्रत्यारोपणाचा विचार होतो. 1987 साली अमेरिकेत पिट्सबर्गला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी एका मुलीला पोटातले अनेक अवयव एकत्र बसवले. ती सुमारे सहा महिने जगली. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस हे औषध आलं आणि चित्र पालटलं. तरी पाच वर्षांनी साधारण निम्मीच आतडी काम करत असतात. आतड्यात प्रतिकारपेशी आणि जंतू, दोन्ही ठासून भरलेले असतात ना! त्यामुळे शरीरानं ते नाकारण्याचा आणि संसर्गाचा धोका मोठा. सोबत यकृतही बसवलं, तर आतडं अधिक काळ टिकतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र जन्मभर घ्यावी लागतात, आणि त्यांनी मूत्रपिंडं झिजतात. प्रत्यारोपण झालेल्यांनो, ताप, जुलाब अंगावर काढू नका. त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवा.