फोटोतलं लुगडं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी हॉलबाहेर आपल्या दहावीच्या ग्रुप फोटोभोवती केवढी गर्दी झाली होती! दुसऱ्या रांगेतला टोपीवाला कोण, यावर अर्धा तास वाद झाला. तेव्हाच ठरवलं, आज फोटोविषयीच बोलायचं.

एक जुना फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या तीन विद्यार्थिनी. जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या साबात इस्लामबुली आपल्याकडच्या पोशाखात, आणि आपल्या आनंदीबाई जोशी साडीत. आनंदीबाईंचं वय तेव्हा वीस.

त्या काळी आपल्या लोकांचे फोटो पुष्कळ निघत. पण कसे? १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड छापले. त्यात पागोटं, धोतर, दागिने सगळं दिसतं; पण खाली बहुतेक ठिकाणी जातीजमातीचं नाव, माणसाचं नाही. पोशाख म्हणजे जणू लेबल. फिलाडेल्फियाच्या फोटोत मात्र तिघींची नावं आहेत. पोशाख तोच, पण तो त्यांनी स्वतः निवडलेला.

निघण्यापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करताना आनंदीबाईंनी सांगितलं होतं, की आपण पोशाख आणि आहार बदलणार नाही. तिथल्या थंडीत त्या नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पण साडी सोडली नाही. गरजेपुरतं बदलायचं, आपलं टाकायचं नाही, हे त्यांना जमलं.

मला ते जमलं नाही. आज गुरुजनांसमोर कबूल करतो. आठवीत मला बक्षीस मिळालं. आई गावाहून एसटीने अकोल्याला आली, हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. बाकीच्यांच्या आया पाचवारीत होत्या. फोटोग्राफरने विचारलं, "आई आली का रे?" मी म्हटलं, "नाही." ती मागच्या बाकावर बसली होती. तिने ऐकलं. परतताना स्टँडवर एवढंच म्हणाली, "मले कायले पाह्यजे फोटो? तुह्या निंघाला ना, झालं."

तो फोटो आजही माझ्याकडे आहे. हातात कप, आणि शेजारी रिकामी जागा. आईचा घरात एकच फोटो उरला, ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. त्यात लुगड्याचा नुसता काठ दिसतो. रंग माझ्या नातीला मी तोंडी सांगतो.

आनंदीबाई सातासमुद्रापार साडीत उभ्या राहिल्या, आणि मला आईच्या लुगड्याशेजारी उभं राहता आलं नाही. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, लुगड्याचाही नव्हता.

म्हणून एक विनंती. घरी गेल्यावर ट्रंकेतले, अल्बममधले जुने फोटो काढा. मागे पेन्सिलीने नावं लिहा. पेनाची शाई उमटते. अंगावर काय होतं, कुठल्या बाजारातून घेतलं, कोणत्या लग्नात नेसलं, तेही लिहा. सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.

आणि दुपारी आपला ग्रुप फोटो निघेल. कोणाची आई, कोणाची आजी सोबत आली असेल, तर तिला पहिल्या रांगेत खुर्ची द्या.